भयकथेचा आस्वाद : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. खानापूरकडून, निपाणी-चिकोडीकडून आणि बेळगाव शहराच्या जुन्या गल्ल्यांमधून येणाऱ्या पत्रांत भयकथा, भीतिदायक लघुपट, त्यांचे संगीत आणि जुन्या रहस्यकथांच्या प्रेमापोटी आजची तरुण मंडळी इंटरनेटवर जे नवे काही करीत आहेत, त्यांविषयीचे प्रश्न अधिक असतात. या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच राखून ठेवले आहे. पत्रे मोठी असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तरुणपणी वाचनालयातून रहस्यकथा आणि भयकथा आणून वाचत असे. आता रात्री मोबाइलवर त्याच धाटणीच्या कथांची वाचने ऐकतो, त्या काळच्या शैलीत केलेले लघुपट पाहतो. घरातले म्हणतात, ‘या वयात हे काय?’ गंभीर वाचन करणाऱ्या माणसाला हा छंद शोभतो का?
– एक वाचक, निपाणी

गुरुजी, नक्कीच शोभतो, आणि त्यासाठी घरातल्यांपुढे संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत, त्यांत शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीला भयानक रस बसलेला आहे. त्याचा वर्ण काळा आणि त्याची देवता काल, अशी त्याची स्वतंत्र मांडणी तेथे आहे, आणि किळस उत्पन्न करणाऱ्या बीभत्सापासून त्याला वेगळे ठेवले आहे. हा भेद आजही फार उपयोगी पडतो. रक्तामांसाचा चिखल दाखवणारी चित्रफीत आणि बंद खोलीतल्या पाळण्याची करकर ऐकवणारी कथा या दोन्हींना आपण सरसकट ‘हॉरर’ म्हणतो. पण पहिलीने नजर फिरवावीशी वाटते, तर दुसरीने कान टवकारले जातात. आपल्या पत्रात आपण ज्या प्रकारच्या कथांचा उल्लेख केला आहे, त्या सगळ्या या दुसऱ्या जातीच्या आहेत.

ज्या पुस्तकांवर आपली पिढी वाढली, त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो, याचे मला वाईट वाटते. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार व काळा पहाड हे नायक ज्या घरांत दुसरे पुस्तक नव्हते तेथेही पोहोचले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाश्चात्त्य भयकथेतली बीजे उचलून ती मराठी वाड्यांत, माजघरांत आणि माळ्यांवर अशी रुजवली की ती परकी वाटेनाशी झाली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला मध्यमवर्गीय घराच्या बैठकीत आणून बसवले आणि भूत दाखवण्याऐवजी माणसाच्या मनातला अपराध दाखवला. दिवाळीत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या अंकांची वाट पाहणारी घरे आपल्या भागातही होती. भाड्याने मिळणारी ती पुस्तके आपल्याला आठवत असतील : मूळ मुखपृष्ठ फाटल्यावर घातलेली जाड पुठ्ठ्याची बांधणी, पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, मागे चिकटवलेला परतीच्या तारखांचा कागद, आणि मध्येच कोण्या खोडसाळ वाचकाने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेले ‘खुनी हाच’. ज्या भागात कचेरीतले अर्ज कन्नडमध्ये भरायचे आणि पुढचे शिक्षण बहुधा इंग्रजीत घ्यायचे, तेथे शाळा सुटल्यानंतरही मराठी वाचत राहण्याची गोडी अनेकांना या स्वस्त पुस्तकांनीच लावली, असे माझे ठाम मत आहे.

भीतीत आनंद का वाटतो, याचा अभ्यासही आता गांभीर्याने होत आहे. डेन्मार्कमधील आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भयगृहात आलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती मजा वाटली हेही विचारले. भीती फार कमी असली तरी मजा कमी, फार वाढली तरीही कमी, आणि या दोहोंच्या मधल्या टप्प्यावर ती सर्वाधिक, असा निष्कर्ष त्यांनी २०२० मध्ये मांडला. कसलेला कथाकार नेमका हाच मधला टप्पा सांभाळत असतो.

आता इंटरनेटवर जे पाहायला-ऐकायला मिळते, त्यात निवड कशी करावी? जुनी मुखपृष्ठे आणि त्यामागे गडगडाटी संगीत एवढ्यावर थांबणाऱ्या चित्रफिती भरपूर आहेत. त्या आठवणी जाग्या करतात, पण दुसऱ्यांदा पाहाव्याशा वाटत नाहीत. जुन्या लेखकाचे कसब ओळखून जे स्वतःच्या गावाची, स्वतःच्या काळाची गोष्ट सांगतात, त्यांचे काम मला खऱ्या आदरांजलीचे वाटते. ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे उदाहरण घ्या. त्याची मूळ प्रेरणा धारपांच्या एका कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे. पण पाऊस, वाडा आणि हाव यांची त्यातली बांधणी दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांची स्वतःची आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. गुरुजी, एकच सुचवतो : एका रात्री एकच कथा ऐका आणि ती संपल्यावर आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत थांबवा. पूर्वी दुसरे पुस्तक आणायला सकाळपर्यंत थांबावे लागे, आणि तेवढ्या वेळात पहिली कथा मनात मुरत असे.

प्रश्न : मी हिंदुस्थानी कंठसंगीत शिकते. मित्रांच्या भयपटासाठी पार्श्वसंगीत करण्याची संधी आली आहे. सगळे मला परदेशी नमुने ऐकवतात. आपल्या रागांतून भीती निर्माण करता येईल का, आणि तसे करणे रागाचा अवमान ठरेल का?
– एक विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

अवमानाचा प्रश्न आधी निकाली काढू. रंगभूमीने आणि चित्रपटाने आपल्या रागांकडून विरह, युद्ध, मृत्यू, वात्सल्य असे सगळे बोलवून घेतले आहे. भीतीनेच काय घोडे मारले आहे? राग विटाळतो तो बेसूर गायल्याने किंवा त्याचे अर्धेमुर्धे तुकडे कोठेही चिकटवल्याने.

आता मारवा घ्या, कारण तो तुम्ही शिकलाच असाल. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, वेळ सूर्यास्ताची. गाताना षड्ज जितका टाळता येईल तितका टाळायचा आणि रिषभ-धैवतावर रेंगाळायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याची अवस्था घरापर्यंत येऊन उंबऱ्याबाहेरच खोळंबलेल्या माणसासारखी होते. ही हुरहूर थोडी लांबवली, तालाचा आधार काढून घेतला आणि आवाज खर्जात ठेवला, तर तिचे रूपांतर धास्तीत होते. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामधले अंतर युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्राने इतके अस्वस्थ करणारे मानले की त्याला ‘संगीतातला सैतान’ असे नाव पडले. १९७० मध्ये इंग्लंडच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाने आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी पाऊस, घंटानाद आणि मग हेच अंतर विजेच्या गिटारवर सावकाश वाजवले. त्यांनी आपले नावही एका भयपटावरून घेतले होते. भयविषयक रॉक संगीताची एक मोठी शाखा तेथून पुढे फुटली. तुमच्या गळ्यात ते अंतर आधीपासूनच आहे. फक्त ते तंबोऱ्यावर कसे लागते, हे पुन्हा एकदा डोळे मिटून ऐका.

परदेशी नमुने ऐकूच नयेत असे मी म्हणणार नाही, परंतु ऐकताना त्यातली युक्ती ओळखावी. ‘सायको’ (१९६०) या चित्रपटाचे संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली आणि सुप्रसिद्ध स्नानगृहाच्या प्रसंगात व्हायोलिनला पक्ष्यासारखे किंचाळायला लावले. दिग्दर्शक हिचकॉक यांचा तो प्रसंग आधी संगीताशिवायच ठेवण्याचा विचार होता. ‘हॅलोवीन’ (१९७८) चे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी स्वतःच पियानोवर एक लहानशी सुरावट बांधली. ती पाच मात्रांच्या आवर्तनात आहे, आणि तिचे दहा आघात तीन-तीन-दोन-दोन असे पडतात. तुमच्याबरोबर तबल्यावर बसणाऱ्याला झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन अंगवळणी पडलेले असेल. त्याला हे खंड उलटेपालटे करून वाजवायला सांगा. सम कोठे येणार हे कळते आहे असे वाटता वाटता ती निसटते, आणि पार्श्वसंगीतात तेवढे पुरते.

आपल्याकडचा एक दाखला तर मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो. ‘महल’ (१९४९) मध्ये खेमचंद प्रकाश यांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गायलेले ‘आयेगा आनेवाला’ ऐका. आवाज दुरून जवळ येतो आहे असे वाटावे, म्हणून सुरुवातीच्या ओळी गाताना त्या माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू जवळ आल्या. कोणतेही यंत्र नाही. केवळ अंतर आणि गळा. हे तुम्ही तुमच्या घरात आजही करू शकता. मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावून माजघरात ठेवा, परसदारी उभ्या राहून आलाप सुरू करा आणि एकेक दार ओलांडत आत या. प्रत्येक खोलीत आवाज वेगळा घुमतो आणि ते ध्वनिमुद्रणात उतरते.

आणखी एक. चिरकलेला, फाटलेला, एकदम वर उडणारा आवाज सस्तन प्राण्यांना धोक्याची सूचना देतो. घाबरलेले पिल्लू असाच ओरडते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक डॅनियल ब्लमस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासून, भयपटांत अशा आवाजांचा वापर अधिक होतो असे दाखवून दिले. म्हणून असा आवाज जपून वापरावा. तो दर मिनिटाला आला तर कान त्याला सरावतात. आपल्या सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांची (१९२४–१९९२) निर्गुणी भजने ऐकताना स्वर उंच फेकून लगेच सोडून देणे आणि नंतरची शांतता तशीच राहू देणे, याकडे लक्ष द्या. ती भजने भीतीची नव्हेत, एकांताची आहेत. पण स्वर थांबल्यानंतर काय उरते, हे शिकायला याहून थोर गुरू आपल्या मातीत दुसरा मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातले चौघे मित्र मोबाइलवर भीतिदायक लघुपट करतो आहोत. दोन करून झाले, पाहणारे हसतात. मुखवटा चांगला नाही, म्हणून असे होत असेल का? पुढचा जंगलात रात्री करायचा विचार आहे.
– एक विद्यार्थी, खानापूर तालुका

मुखवटा चांगला असता तरी लोक हसलेच असते, कारण मुखवटा दिसला की पाहणाऱ्याची कल्पना थांबते. स्वीडनचे डेव्हिड सँडबर्ग यांनी २०१३ मध्ये आपल्याच घरात, पत्नीला भूमिका देऊन, तीन मिनिटांहूनही लहान असा ‘लाइट्स आउट’ हा लघुपट केला. त्यात घडते एवढेच : एक स्त्री झोपण्यापूर्वी दिवा मालवते, तर पुढच्या मार्गिकेत माणसाची आकृती दिसते, दिवा लावते, तर कोणी नाही. पुन्हा मालवते, पुन्हा आकृती. ती बटण चालू-बंद करीत राहते आणि एका क्षणी आकृती जवळ आलेली असते. एक बटण, एक मार्गिका आणि एकच नियम. त्या लघुपटावरून २०१६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला आणि सँडबर्ग यांनाच तो दिग्दर्शित करायला मिळाला. तुमच्या पुढच्या कथेचा नियम तुम्हाला एका वाक्यात सांगता येतो का, हे चित्रीकरणाआधी तपासा. येत नसेल तर कॅमेरा हातात घेऊ नका.

गोष्ट कोठून आणायची, याचीही काळजी नको. कर्नाटकात १९९० च्या दशकात दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवण्याची जी आवई पसरली होती, ती आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण तिच्यावर आता इतके काम झाले आहे की पुन्हा तिथेच जाण्यात अर्थ नाही. आजीला विचारा. चकवा, आसरा, मुंजा, देवचार यांच्या गोष्टी तिच्याकडे निघतील. चकव्याचीच गोष्ट घ्या. रात्री मोटारसायकलवरून दोघे लोंढ्याकडे निघाले आहेत. दिव्याच्या झोतात मैलाचा दगड येतो, ‘लोंढा १२’. गप्पा चालू राहतात. पुन्हा दगड, ‘लोंढा १२’. गप्पा मंदावतात. तिसऱ्यांदा दगड येतो आणि त्यावर ‘लोंढा १३’ असते. येथे मुखवटा लागत नाही. एक दगड, थोडा पांढरा रंग आणि दोन चांगले नट पुरतात. माणसे बोलतात कशी, तेही खरे ठेवा. घरात मराठी, बसच्या वाहकाशी कन्नड, पलीकडच्या गावात कोकणी, असेच आपण बोलतो. मग लघुपटातच सगळे पुण्याच्या नाटकातल्यासारखे का बोलावेत? तळाशी कन्नड उपशीर्षके द्या, म्हणजे शेजारच्या प्रेक्षकालाही तो आपला वाटेल.

ध्वनी वेगळा मुद्रित करा, याचा मी आग्रहच धरीन. पैसा नसलेल्या लघुपटाचे पितळ चित्रापेक्षा आवाजात आधी उघडे पडते. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात पाऊस कसा कोसळतो हे तुम्हाला सांगायला नको. कौलांवरचा पाऊस, पत्र्यावरचा पाऊस आणि फणसाच्या पानांवरचा पाऊस हे तीन स्वतंत्र आवाज आहेत. मोबाइलवर वाऱ्याचा फरफराट येऊ नये म्हणून माइकच्या भोकावर पातळ सुती कापड बांधा. मग भीतीच्या क्षणी यांतला एकेक आवाज काढून घ्या. रातकिडे एकाएकी थांबले की गावातला प्रत्येक माणूस मान वर करतो.

जंगलात रात्री जाण्याचा विचार मात्र सोडून द्या. तुमच्या तालुक्यातल्या जंगलाचा काही भाग भीमगड वन्यजीव अभयारण्यात येतो. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा आहे, आणि अस्वल-गवा यांना तुमची पटकथा ठाऊक नसते. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे अत्यंत दुर्मीळ वटवाघूळ राहते; जगात फार थोड्या ठिकाणी त्याची नोंद आहे. भयपटांनी वटवाघळाला फुकट बदनाम केले आहे. तुम्ही तरी त्यांच्या गुहांत दिवे घेऊन जाऊ नका. घराच्या मागच्या ऊसाच्या फडात आणि विहिरीच्या रस्त्यावर तुम्हाला हवे ते सगळे मिळेल.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर भुतांच्या चित्रफिती पाहतो आणि मग रात्री दिवा मालवू देत नाही. पूर्ण बंदी घालावी का?
– एक आई, चिकोडी

ताई, बंदी घातली तर तो मित्राच्या मोबाइलवर पाहील आणि घाबरल्याचे तुम्हाला सांगणारही नाही. रात्री पाहणे आणि कानात यंत्र घालून एकट्याने पाहणे या दोन गोष्टी मात्र ताबडतोब बंद करा. एखाद्या रविवारी दुपारी त्याच्याबरोबर बसा आणि त्याला सर्वांत भीती वाटणारी चित्रफीत आवाज पूर्ण बंद करून दाखवा. निम्मी भीती आवाजात होती, हे त्याचे त्यालाच कळेल. मग दोघे मिळून एखादा भीतीचा आवाज घरी तयार करा : ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासणे, नारळाच्या करवंट्यांवर पावले वाजवणे. ज्याला युक्ती कळते, त्याला ती पुन्हा तितकीशी घाबरवत नाही. झोपेची तक्रार काही आठवडे टिकली किंवा तो दिवसाही एकटा राहायला घाबरू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या एका बंद घराची चित्रफीत कोणी तरी ‘खरे भूत’ म्हणून पसरवली. आता रात्री मोटारसायकली येतात, दगड मारले जातात, घरमालकाच्या वृद्ध आईविषयी वाटेल ते बोलले जाते. भयकथांचा हा शौकच मुळात अंधश्रद्धा वाढवणारा नाही का?
– एक वाचक, येळ्ळूर परिसर

आपला संताप मला पूर्णपणे मान्य आहे, पण तो योग्य ठिकाणी पडावा असे वाटते. ‘ही गोष्ट आहे’ असे सांगून घाबरवणारा कथाकार आणि ‘हे खरे आहे’ असे सांगून एका जिवंत वृद्धेकडे बोट दाखवणारा माणूस यांच्यात फार अंतर आहे. पहिल्याच्या कथेत भूत संपते तेथे पुस्तक मिटते. दुसऱ्याचे भूत गावात फिरत राहते आणि त्याचा भार एखाद्या विधवेला, एखाद्या एकट्या बाईला सोसावा लागतो. भानामतीच्या संशयावरून आपल्याकडे माणसांना काय काय भोगावे लागले आहे, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये अमानुष प्रथा व काळी जादू यांविरुद्ध कायदे केले. कर्नाटकातला कायदा जानेवारी २०२० पासून लागू आहे.

त्या कुटुंबाने चित्रफितीचा दुवा, ती पसरल्याची तारीख आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत, दगडफेकीची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी आणि त्याच वेळी ज्या संकेतस्थळावर चित्रफीत आहे तेथेही खासगीपणाचा भंग झाल्याची तक्रार नोंदवावी. गावातल्या मंडळींनी, विशेषतः तरुणांनी, त्या चित्रफितीखाली ‘हे आमच्या गावातले राहते कुटुंब आहे’ असे स्पष्ट लिहावे. खऱ्या घरात चित्रीकरण करणाऱ्या हौशी मंडळींनाही माझे सांगणे आहे की, मालकाची संमती घ्या, गावाचे नाव बदला आणि आरंभीच ‘काल्पनिक’ असे लिहा. त्याने भीती तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : गावच्या वाचनालयाच्या खोलीत आम्ही काही जण जमतो. धारप, मतकरी, अर्नाळकर यांच्या कथा आवाजात सादर करून, संगीत घालून इंटरनेटवर टाकाव्यात अशी इच्छा आहे. पैसे मिळवायचे नाहीत, केवळ प्रेमापोटी करायचे आहे. चालेल ना?
– वाचक मंडळ, बेळगुंदी

आपला हेतू फार चांगला आहे, परंतु परवानगीशिवाय चालणार नाही. पैसे घ्या वा न घ्या, संपूर्ण कथा वाचून प्रसारित करण्याचा हक्क लेखकाचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. भारतात हा हक्क लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे अर्नाळकरांच्या कथांवर तो २०५६ अखेरपर्यंत, धारपांच्या कथांवर २०६८ अखेरपर्यंत आणि मतकरींच्या कथांवर २०८० अखेरपर्यंत आहे. परीक्षण करताना किंवा लेखकाविषयी बोलताना मोजका उतारा वाचता येतो. पूर्ण कथा नाही. पार्श्वसंगीतासाठी चित्रपटातले तुकडे उचलले, तर यूट्यूबची यंत्रणा ते आपोआप ओळखते आणि चित्रफीत अडवली जाऊ शकते.

परवानगीशिवाय केलेल्या कामावर काय प्रसंग ओढवतो, याचे उदाहरण भयपटांच्या इतिहासातच आहे. ‘ड्रॅक्युला’चे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीची परवानगी न घेता, पात्रांची नावे बदलून, जर्मनीत १९२२ मध्ये ‘नोस्फेरातू’ हा मूकपट निघाला. फ्लोरेन्स स्टोकर यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती इकडेतिकडे वाचल्या, म्हणूनच दिग्दर्शक मुर्नाऊ यांची ती अद्भुत कृती आज जगाला पाहायला मिळते. ती पाहाच, आवाज नसलेल्या चित्रपटावर आपले स्वतःचे संगीत रचून बघणे हा आपल्या मंडळाला एक उत्तम अभ्यास होईल.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. प्रकाशकांमार्फत वारसांना रीतसर पत्र लिहा. कोणती कथा, किती वेळ, कोठे प्रसारित करणार आणि पैसे घेणार नाही, हे सारे त्यात नमूद करा. उत्तर यायला वेळ लागेल, नकारही येईल, पण एका कथेपुरती संमती मिळणे अशक्य नाही. दुसरी वाट मोकळी आहे. नाथमाधव (१८८२–१९२८) यांची ‘वीरधवल’ ही कादंबरी आता कोणाच्याही परवानगीशिवाय वाचता येते. तिच्यातले भुयार, कारस्थाने आणि रात्रीचे प्रवास आवाजातून फार चांगले उभे राहतील. अमेरिकेचे भयकथालेखक एडगर ॲलन पो यांच्या मूळ कथाही मुक्त आहेत. मात्र छापील मराठी अनुवाद उचलू नका, आपला स्वतःचा करा आणि तो आपल्या बोलीत करा. अमेरिकेतलेच भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या चाहत्यांची एक संस्था त्यांच्या कथा १९३० च्या दशकातल्या नभोनाट्याच्या घाटात सादर करते; त्या काळातली वाटावी अशी उद्घोषणाही त्यात असते. त्याच धर्तीवर जुन्या नभोवाणीच्या श्रुतिकांचा घाट आपल्याला घेता येईल : एक निवेदक, तीन-चार आवाज, एक हार्मोनियम आणि दार, पाऊस, पावले यांचे घरगुती आवाज.

आरंभाला लांब प्रकरण न घेता पंधरा-वीस मिनिटांत संपेल असा एकच प्रसंग निवडा. निवेदकाने संहिता आधी दोनदा मोठ्याने वाचावी, ज्या वाक्याला दम लागतो ते तेथेच तोडावे, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीतला पंखा बंद ठेवावा. वाचनालयाच्या खोलीत कागदांनी भरलेली कपाटे असल्याने तेथे आवाज फारसा घुमणार नाही, ही आपली मोठी सोय आहे. पहिला भाग तयार झाला की या सदराकडे त्याचा दुवा पाठवा. तो ऐकून पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.